डावीकडे वळलेली मान

प्रांजलचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. लग्न ठरलं तेव्हाही आपण फोनवरच बोलायचो, आणि 'हो', 'बरं', 'ठेवतो' याच्या पलीकडे तुम्ही फारसं बोलत नव्हतात. मीही बोलकी नव्हतेच. त्यामुळे हे पत्र कसं सुरू करावं इथेच माझा बराच वेळ गेला.

लिहायचं कारण असं की तुम्ही मला एक गोष्ट कोणाला सांगू नको म्हणाला होतात आणि ती मी सांगितली. आधी प्रांजलला, मग आत्याबाईंना. न सांगून चाललं नसतं. जाताना बाबांनी आपल्यापासून तोंड फिरवलं, असं आपली मुलगी धरून बसली होती. जेवण, अभ्यास, बोलणं, सगळ्यातून ती हळूहळू निघून चालली होती. तुमचा शब्द राखायचा की तिला, असं झालं. मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तरी नीट सांगते.

सुरुवात आपल्या लग्नानंतरच्या सत्यनारायणापासून करावी लागेल. मी तुमच्या उजव्या हाताला बसले होते, पूजेला बायको बसते तशी, तुमच्या हाताला हात लावून. गुरुजींचे मंत्र मोठ्यानं चालू होते. तुमच्या पळीतलं पाणी ताम्हणात न पडता माझ्या शालूवर पडत होतं. मी हळूच म्हटलं, "पाणी इकडं सांडून राह्यलं." तुम्ही ढिम्म. पुन्हा म्हटलं. तुम्ही समोर चौरंगाकडे बघत राहिलात. शालू भिजला त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की माणूस तुसडा दिसतो. शिकलेली, नोकरीवाली बायको केली म्हणून पहिल्यापासूनच दाबात ठेवायचं ठरवलेलं दिसतं. पुढे कितीतरी दिवस मी तुमच्याशी तुटक वागले. एकदा तरी विचारायचंत, "काहून रुसली?" ते नवे दिवस असे वाया का जाऊ दिलेत?

मग तो रातकिडा आला.

कांदे काढून पडवीत पसरून ठेवले होते. दिवेलागण झाली होती, मी वह्या तपासत होते आणि त्या कांद्यांत कुठेतरी बसून तो किरकिर करत होता. मी म्हटलं, "त्याले काढा ना बाहेर." तुम्ही बॅटरी घेऊन उठलात. आवाज दाराजवळच्या कोपऱ्यातून, तुमच्या उजवीकडून येत होता, हे मला बसल्या जागी कळत होतं. तुम्ही डावीकडे गेलात. तिकडचे कांदे उपसलेत. मग पुन्हा डावीकडे वळलात, पुन्हा डावीकडे, आणि एक पुरं वेटोळं घेऊन होतात तिथेच येऊन उभे राहिलात.

"कोठीसा हाये बाप्पा हा?"

"तिकडं, दाराजवळ. किती जोरात तर ओरडून राह्यला."

"काहीतरीच. इकडूनच तर येते आवाज."

मास्तरणीची खोड, दुसरं काय. मी तुम्हाला पाटावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि भोवती फिरून टाळ्या वाजवल्या. टाळी जिकडून ऐकू येईल तिकडचा हात वर करायचा. उजवीकडून वाजवली, तुम्ही डावा हात वर केलात. मागून वाजवली, डावा. पुन्हा उजवीकडून, डावाच.

"शाळेतल्या पोट्ट्यायलेई असंच नापास करतं काय तू?" तुम्ही म्हणालात.

मला हसू आलं आणि मग ते थांबलं. मी तुमच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू तुमचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच. तुम्ही डोळे मिटून शांत बसून होतात. तुम्हाला काही ऐकू आलंच नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी जेवढं बोललात तेवढं आधी कधी बोलला नव्हतात. लहानपणी गालफुगी झाली, ताप चढला, आणि उठलात तेव्हा उजवीकडचं जग बंद झालेलं होतं. मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण सगळं डावीकडून आल्यासारखं. घरात कोणाला पत्ता नव्हता. लहान मुलाला कुठे सांगता येतं, आणि सांगता येऊ लागलं तेव्हा तुम्हीच ठरवलं की सांगायचं नाही.

"आत्याले कधी सांगजो नको," तुम्ही म्हणालात. "माय गेली तवा मी रांगत होतो. आत्यानंच मले मोठं केलं. त्या दुखण्यात ती रात रात उशाशी बसली, ऊन ऊन लेप लावले. तिले वाटीन, तिच्याच हातानं कान गेला."

त्या आजाराचे जंतूच कधी कधी आतून कान नेतात, लेपाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं मी म्हटलं.

"मले पटलं," तुम्ही म्हणालात. "तिले नाही पटनार."

मी सांगणार नाही म्हणाले. तेव्हा तो शब्द फार जड वाटला नव्हता.

त्यानंतर मला तुमच्या एकेक सवयीचा अर्थ लागत गेला. वाशीमला भाजीच्या हर्राशीत, लिलावात, तुम्ही नेहमी उजव्या हाताच्या भिंतीला खेटून उभे राहायचात, म्हणजे सगळ्या बोल्या डावीकडूनच येणार. पंगतीत टोकाचं पान. रस्त्यानं चालताना मी डावीकडे. शेतात कोणी हाक मारली की तुम्ही आहात तिथे उभे राहायचात आणि सगळीकडे सावकाश बघून घ्यायचात. लोक म्हणायचे, मोठा शांत माणूस आहे, हाकेला धडपडत नाही. मी ऐकून घ्यायची. अर्धा स्वभाव होता, अर्धा कान होता.

यात माझी एक तक्रार आहेच. वाशीमला वांगी घेऊन तुम्ही सारखे जात होतात. एकदा वाट वाकडी करून कानाच्या डॉक्टरकडे जायला काय झालं होतं? मी म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "एकानं भागते ना." भागलं खरं. सगळं भागलं. एक सकाळ तेवढी भागली नाही.

प्रांजलला वाशीमच्या शाळेत घातल्यावर तुम्हीच तिला मोटारसायकलवर सोडायचात, मागे मेथी-पालकाच्या जुड्या बांधलेल्या. तिच्या वर्गातल्या मुली त्यावरून काहीतरी बोलल्या. ती घरी येऊन तुम्हाला म्हणाली, "बाबा, मले फाटकापाशी नका सोडू. अलीकडच्या वळणावर सोडत जा." तुम्ही 'बरं' म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून वळणावर सोडू लागलात. मी तिला रागावले तर मलाच म्हणालात, "राहू दे वं. या वयात मलेई लाज वाटे."

तुमच्यासाठी ते तिथेच संपलं होतं. तिच्यासाठी संपलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. सगळे दवाखाने झाले, शेवटी मोठ्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. पुढच्या खोलीत तुमची खाट भिंतीला लावून टाकली. डावी बाजू भिंतीकडे आली. येणारे-जाणारे सगळे उजवीकडे बसायचे आणि बोलायचे. तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून समजून घ्यायचात. मला बोलायचं असलं की मी उशाकडून भिंतीच्या बाजूला वाकायची. बघणाऱ्याला वाटायचं, मी तुमची उशी सारखी करते आहे. खाट फिरवावी असं रोज मनात यायचं. पण का फिरवायची ते सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही त्याही दिवसांत एकदा माझा हात धरून, "आत्याले नाही ना सांगितलं?" असं विचारलं होतंत.

त्या सकाळी आत्याबाईंनी तुमच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. मग उजव्या कानाशी वाकून पुटपुटत देवाचं नाव घेतलं. त्यांच्या रीतीप्रमाणे ते उजव्या कानातच घ्यायचं असतं. तुमचे डोळे मिटलेले होते. आत्याबाई बाजूला झाल्या आणि प्रांजलला म्हणाल्या, "ये वं माय. बापाच्या कानात बोल. त्याले ऐकू येऊन राह्यलं अजून."

मी पायाशी होते. प्रांजल वाकली आणि त्याच कानाशी म्हणाली, "बाबा, मी आहे. प्रांजल आहे, बाबा." रडवेला आवाज होता, पण हळू नव्हता. तुमचे डोळे अर्धे उघडले. आणि तुम्ही मान वळवलीत. तिच्याकडे नाही, भिंतीकडे. ती पुन्हा म्हणाली, "बाबा." तुम्ही आणखी भिंतीकडे वळलात. ती मान मग परत आली नाही.

आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तोंड फिरवलं माय त्यानं. माया तोडली." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांचं तर हातानं वाढवलेलं लेकरू गेलं होतं. जाणाऱ्यानं माया तोडली की तो सुखानं जातो, असं त्यांना म्हणायचं होतं. पुढे दिवसभर आणि नंतरही, जो येईल त्याला त्या हेच सांगत राहिल्या. "पोरीनं हाक मारली अन् तोंड फिरवलं त्यानं." प्रांजल तिथेच बसलेली असायची.

मला तुमचा कान माहीत होता. तरी मला त्या वेळी एवढंच सुचलं की लेकीनं नेमकं चुकीच्या कानात सांगितलं, तुम्हाला ऐकूच गेलं नसेल. मान वळली ती जीव जाताना आपोआप वळली असेल. एवढ्यावरच मी तो विचार ठेवून दिला.

शाळा सुरू झाली. प्रांजल आता एसटीनं जायची आणि यायची. घरी आली की दप्तर ठेवून मागच्या ओट्यावर बसायची. जेवायला बोलावलं की यायची, दोन घास खाऊन उठायची. मला वाटलं, दुःख आहे, वेळ जाईल तसं कमी होईल. एकदा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा तिनं विचारलं, "आई, मी वळणावर सोडा म्हटलं त्याचा राग होता ना बाबांना?"

"नाही वं. कोणी सांगितलं तुले?"

"मंग माझ्याकडून तोंड काहून फिरवलं?"

"बाबांना ऐकूच आलं नसेल, बाई."

"ऐकू नसतं आलं तर मान हललीच नसती ना. आजीनं नाव घेतलं तवा कोठी हलली? मी बोलल्यावरच हलली. दोनदा बोलली, दोनदा हलली."

मुलगी तुमच्यासारखी कमी बोलते, पण बोलते तेव्हा उत्तर द्यायला जागा ठेवत नाही. मी हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला.

ते उत्तर मला शाळेत मिळालं, तेही न शोधता. ध्वनीचा धडा चालू होता. आपल्याला आवाज कुठून आला ते कसं कळतं, इथपर्यंत आलो होतो. एका मुलीनं काड्यापेटीत रातकिडा धरून आणलेला. तिनं विचारलं, "मॅडम, याले कान कोठी असतात?" कोणी म्हणालं डोक्यावर, कोणी म्हणालं मिशांत. मी म्हटलं, उद्या सांगते. मागून आवाज आला, "मॅडमलेई नाही माहीत रे." खरंच माहीत नव्हतं. घरी येऊन माझं कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं, थोडं फोनवर वाचलं.

रातकिड्याचे कान पुढच्या दोन पायांवर असतात, गुडघ्याच्या जरा खाली. हे ऐकून तुम्ही म्हणाला असतात, "मंग लंगडा झाला तर बहिराई होते काय?" नाकतोड्याचे तर पोटाच्या दोन बाजूंना असतात. मला आधी वाटलं ही नुसती गंमत आहे. पण पुढे दिशेचं होतं. आपल्याला दिशा कळते ती दोन कानांमुळे. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी पोचतो, आणि डाव्या कानात जरा कमी पोचतो, कारण मधे डोकं येतं. किड्याचं अंग ते केवढं. दोन कानांत अंतरच नाही, तर फरक पडणार कुठून? म्हणून त्याच्या अंगात एक बारीक नळी असते, एका पायातल्या कानापासून दुसऱ्या पायातल्या कानापर्यंत, आणि ती अंगाच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांशीही जोडलेली असते. त्यामुळे कानाच्या पडद्यावर आवाज बाहेरून आदळतो तसा आतूनही येतो. या बाहेरच्या आणि आतल्या आवाजाच्या रेटारेटीत ज्या बाजूचा पडदा जास्त हलतो, ती आवाजाची बाजू. तुम्ही कांद्यांत शोधत होतात तो किरकिरणारा नर. मादी गात नाही. ती ऐकते, आणि ऐकत ऐकत अंधारात नेमकी त्याच्यापाशी जाऊन पोचते.

त्याच्याच खाली आणखी थोडं होतं. मादीचा एक कान निकामी केला तर काय होतं, ते माणसांनी बघितलं आहे. ती बसून राहत नाही. आवाज तिला ऐकू येतो आणि ती निघते. फक्त ज्या बाजूचा कान शाबूत आहे त्याच बाजूला वळत राहते. डावा शाबूत असला तर नर उजवीकडे गात असतानाही ती डावीकडे वळते. तो पुन्हा गातो, ती आणखी डावीकडे. बघणाऱ्याला वाटेल की ती त्याच्यापासून दूर चालली. ती दूर जात नसते. ती त्याच्याकडेच निघालेली असते.

मी ते तीनदा-चारदा वाचलं. आत्याबाई आतून विचारत होत्या, "मंगल, कुकर लावू काय?" मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

रविवारी दुपारी मी प्रांजलला शेतात नेलं. वांग्याच्या वाफ्यांच्या मधे, जिथे चारी बाजूंना सारखंच दिसतं. तिच्या उजव्या कानात कापसाचा बोळा घातला, वरून तिलाच तळहात दाबून धरायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले.

"काय करून राह्यली तू आई?"

"शाळेचं आहे. मी बोलीन तिकडं पाहायचं, डोळे न उघडता."

मी तिच्या उजवीकडे, हातभर अंतरावर उभी राहिले आणि म्हटलं, "प्रांजल, मी आहे."

तिची मान डावीकडे वळली.

मी पुन्हा म्हटलं. ती आणखी डावीकडे वळली. मग तिनं डोळे उघडले. समोर नुसती वांग्याची झाडं. ती मला शोधत राहिली आणि मी तिच्या पाठीशी उभी होते.

"बाबांचा हा कान नव्हता," मी तिला सांगितलं. "लहानपणापासून. मला माहीत होतं, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

तिनं कानातला बोळा काढला. मग म्हणाली, "मंग बाबा मले पाहत होते?"

"हो. तू जिकडं आहेस असं त्यांना वाटलं, तिकडं."

"भिंतीकडं?"

"त्यांना तिकडून तू ऐकू येत होतीस."

"अन् दुसऱ्यांदा?"

"दिसली नाहीस ना. म्हणून अजून वळले."

मी विज्ञान शिकवते, म्हणून तिला हेही सांगितलं की मी काही तुमच्या डोक्यात शिरून पाहिलेलं नाही. धडधाकट असताना तुम्ही कानाची कसर डोळ्यांनी भरून काढायचात, सगळीकडे बघून घ्यायचात. त्या सकाळी तेवढी ताकद नव्हती, राहिला होता तो एकच कान. म्हणून मला हे असं वाटतं. पण बोलल्यावरच मान का हलली, या तिच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. ती खाली बसली आणि रडली. तुम्ही गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मी तिला थांबवलं नाही.

घरी परतताना बांधावर तिनं विचारलं, "आजीले सांगायचं ना?"

मी तुमचं सांगितलं. लेपाचं, आणि तुम्ही का लपवलं तेही.

"पण आई, आजीले वाटते ना बाबांनी माया तोडली. रोज तेच तर बोलते ती. तिले कोण सांगणार?"

इथे मी अडले. तुम्ही आत्याबाईंना एका दुःखापासून जन्मभर राखलं होतंत. पण त्याच्या जागी त्यांच्या हाती दुसरं आलं होतं, आणि ते खोटं होतं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? मी खूप विचार केला. तुम्हाला विचारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सांगितलं, एका दमात. त्यांचे हात थांबले.

"कोनता कान?"

"उजवा."

"कवापासून?"

खोटं बोलता आलं असतं. "गालफुगी झाली होती ना, तेव्हापासून."

मी जंतूंचं सांगितलं, लेपानं कान जात नाही हेही सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"मंग मी हाक मारो तवा?" त्यांनी विचारलं.

"हाक ऐकू यायची त्यांना. कुठून आली ते कळायचं नाही."

"पन तो येत जाय." मेथीची काडी त्यांच्या बोटात तशीच होती. "मी बांधावरून हाक मारली तरी येत जाय. इकडं पाह्य, तिकडं पाह्य, असा येत जाय. मी म्हनो, पोट्ट्याचं ध्यानच नसते." मग म्हणाल्या, "लेप मीच लावला होता."

मी पुन्हा जंतूंचं सांगू लागले. "तू शिकेल आहे, तू म्हनतं तर असन," एवढंच बोलून त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, मी हे काय करून बसले. तुमचं ऐकायला हवं होतं.

काल शेजारच्या काकू ताक न्यायला आल्या. जुनी गोष्ट निघाली, तुमचीच. काकू हळहळून म्हणाल्या, "शेवटी पोरीकडून तोंड फिरवून गेला बिचारा." प्रांजल दारातच पुस्तक घेऊन बसली होती. मी काही बोलणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "तोंड नाही फिरवलं व त्यानं. मीच चुकीचं बोलत होती. त्याचा एक कान गेला होता लहानपनी. माझ्याच हातचे लेप होते. पोरगी कोठी हाये ते पाह्यत होता तो. तिलेच पाह्यत होता."

काकू माझ्याकडे बघू लागल्या. आत्याबाईंनी त्यांचं भांडं ताकानं भरून दिलं आणि तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. प्रांजलनं मान वर केली नाही. पण संध्याकाळी तिनं आजीच्या ताटाशेजारी स्वतःचं ताट मांडलं आणि पुरी भाकर खाल्ली.

तर असं झालं. तुमचा शब्द मोडला. मुलगी जेवू लागली आणि आत्याबाईंनी लेपाचा दोष उघड्यावर घेतला. तो दोष त्यांचा नाही, आणि माझ्या सांगण्यानं त्यांना ते पटत नाही हेही मला दिसतं.

म्हणून आता तुम्हाला हा नवा शब्द देते. येत्या सुट्टीत मी आत्याबाईंना वाशीमला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाईन, आणि त्या आजारानं कान कसा जातो ते त्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकवीन. एकदा ऐकून नाही पटलं तर पुन्हा नेईन. त्या नाहीच म्हणाल्या तर डॉक्टरला घरी बोलावीन. प्रांजल म्हणते, तीही येणार, आजीच्या शेजारी बसणार. तुम्ही त्यांना जे कळू नये म्हणून जपलंत, ते आता कळलं आहे. आता त्यातलं खरं तेवढंच त्यांच्याजवळ राहील, एवढं मी बघेन.

तुमची,
मंगल